मोरीवरचा बिबट्या

दौंडला असताना वरवंडचे एक गृहस्थ आपल्या अकरावीतल्या मुलाला दंडाला धरून माझ्या खोलीत घेऊन आले आणि म्हणाले, "सर, ह्याला जरा भ्या घाला." कशाचं, असं मी विचारलं. तर म्हणाले, "कशाचंबी घाला. घरात कुणालाच भीत न्हाई." मुलगा माझ्याकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे. आम्हा दोघांत जास्त कोण घाबरलंय हे त्या गृहस्थांच्या लक्षात आलं नाही, म्हणून माझी अब्रू राहिली.

विद्यार्थी मार्गदर्शन आणि समुपदेशन हे काम मी आधी दौंडला आणि मग बरीच वर्षं शिरूरला केलं. मूळचा मी मानसशास्त्र शिकवणारा. कॉलेजांच्या तपासणीला समित्या यायला लागल्या, समितीला एक 'मार्गदर्शन कक्ष' दाखवावा लागे, आणि प्राचार्यांना स्टाफरूममध्ये रिकामा बसलेला दिसलो तो मी. शिरूरला कक्ष म्हणून जी खोली मिळाली ती जिमखान्याच्या सामानाची. भाले, गोळे, व्हॉलीबॉलची फाटकी जाळी आणि मोडक्या पायाचा एक कॅरम यांच्यामध्ये माझं टेबल. नवीन मुलं दारातून भाले बघूनच परत जायची.

या कामात उपदेश करायचा असतो असं बाहेरच्यांना वाटतं. तसं काही नसतं. निम्मं काम वाटा दाखवायचं. सायन्स झेपत नसेल तर कॉमर्सला कधीपर्यंत जाता येतं, विषय राहिले तरी पुढच्या वर्षात कसं बसता येतं, हजेरी कमी पडली तर काय करायचं, बाहेरून परीक्षा कशी देतात, असलं. उरलेलं निम्मं काम गप्प बसायचं. हे मला कॅरमने शिकवलं. समोरासमोर बसवलं की मुलं मान खाली घालून 'काही नाही सर' म्हणतात. म्हणून मी सोंगट्या घेऊन काळ्या-पांढऱ्या वेगळ्या करत बसायचो. थोड्या वेळाने मूलही हात घालायचं आणि सोंगट्यांकडे बघत बोलायला लागायचं. सोंगट्या लावून झाल्या आणि बोलणं उरलं असलं, तर मी त्या सगळ्या पुन्हा मिसळून टाकायचो.

खुटबावच्या एका मुलाला परीक्षेच्या हॉलमध्ये हटकून उलटी व्हायची. पेपराची भीती असेल म्हणून मी त्याला लांब श्वास घ्यायला शिकवलं. त्याने लांब श्वास घेतला आणि मग उलटी केली. दोन बैठका सोंगट्या लावल्यावर कळलं की भीती मागून येणाऱ्या बुटांच्या आवाजाची होती. मी त्या हॉलवरच्या सरांना चप्पल घालून यायची विनंती केली. मुलगा पास झाला. सर अजून मला त्या चपलेवरून बोलतात.

मला हे जमायचं, कारण मी स्वतः जातिवंत भित्रा. आमच्या घरी पाल पडली की आधी मी ओरडतो, मग मुलगी ओरडते, आणि मग आमची सौ. सुनंदा झाडू घेऊन येते. लोकांची भीती घालवायला कॉलेज तुम्हाला पगार देतं हे तिला लग्नानंतर ऐकलेल्या विनोदांत सगळ्यात वरचं वाटतं.

तर या भित्र्या माणसाकडे वैशाली आली.

वैशाली एस.वाय.बी.एस्सी.ला होती. घोड नदीच्या बाजूच्या एका वस्तीवरून यायची. घराणं धनगराचं. आजोबांची हयात मेंढरांमागे हिंडण्यात गेली, वडील विहीर पाडून स्थिरावले, दारात मेंढरं आता नावापुरती. बारावीच्या पुढे गेलेली वस्तीवरची ती पहिली मुलगी. वस्तीपासून एसटीच्या फाट्यापर्यंत कच्चा रस्ता, दोन्ही अंगांना ऊस, आणि मधे ओढ्यावर मोरी, म्हणजे सिमेंटच्या नळ्या टाकून केलेला बुटका पूल. सकाळची एसटी गाठायला ती हा रस्ता एकटी चालायची.

तिची केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल्स बुडायला लागली होती. ती सकाळी असत. प्रॅक्टिकल्स पुरी झाली नाहीत तर टर्म मिळत नाही, आणि टर्म नाही तर परीक्षा नाही. मुलाचं असं झालं तर त्याचं वर्ष जातं. आमच्या भागात मुलीचं असं झालं की तिचं कॉलेजच जातं. म्हणून विभागाच्या मॅडमनी तिला माझ्याकडे पाठवलं.

ती म्हणाली, वाटेत बिबट्या आहे.

यात नवल नव्हतं. दोन हजार सालाच्या आगेमागे नदीकाठाने ऊस वाढला आणि उसात बिबटे आले. पलीकडच्या गावात वासरू नेलेलं, कुठे कुत्रं. माणसं शेतावर जाताना हातात काठी आणि खिशात बॅटरी ठेवायची आणि एकमेकांना मोठमोठ्याने हाका मारत चालायची. वैशालीने सांगितलं, मोरीजवळ आलं की उसात खाली पडलेलं वाळकं पाचट वाजतं. आपण थांबलो की तेही थांबतं. चाललो की चालतं. हे ऐकताना माझेच पाय मी टेबलाखाली वर घेतले.

आणि लगेच मी एक छान तोडगा काढला. सायन्स सोडायचं आणि बाहेरून बी.ए. करायचं. घरी अभ्यास, परीक्षेपुरतं यायचं, बिबट्याचा प्रश्नच मिटला. मी स्वतःवर बेहद्द खूश होतो. तिने एक सोंगटी उचलली आणि परत ठेवली.

"म्हणजे मग मी घरीच ना, सर?"

"घरी बसून पदवी," मी म्हणालो.

"हां. घरीच," ती म्हणाली आणि गेली.

पुढच्या आठवड्यात ती परत आली. न विचारता समोर बसून सोंगट्या लावायला लागली. सगळ्या लावून झाल्या. मी मिसळल्या. तिने पुन्हा लावल्या. मग वर न बघता म्हणाली, "सर, बिबट्याच्या अंगाला गुटख्याचा वास येतो का?"

माझ्या हातात एक काळी सोंगटी होती. ती कुठे ठेवायची ते मला समजेना.

बाकीचं तिने तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. गावातल्याच एका वजनदार घरातला माणूस होता, लग्न झालेला. आधी मोटरसायकल घेऊन मोरीवर नुसता बसायचा. मग उसातून तिच्या बरोबरीने चालायला लागला. एकदा तिची सॅक मागून धरली आणि सांगितलं, बोललीस तर तूच बोलावलं होतंस म्हणून तुझ्या बापाला सांगेन. नाव तिने घेतलं नाही आणि मी विचारलं नाही. घरी तिने बिबट्या सांगितला. कारण बिबट्याला भ्यालेल्या मुलीला कुणी दोष देत नाही.

"घरी सांगू नका, सर," ती म्हणाली. "त्यांना कळलं की त्याच दिवशी माझं कॉलेज बंद."

आमच्या धंद्याचा पहिला नियम असा की खोलीतलं बोलणं खोलीत राहतं. हा नियम मी दरवर्षी नव्या मुलांना ऐटीत सांगायचो. तो पाळणं म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं. प्राचार्यांना सांगावं, तर ते आधी वडिलांना बोलावणार. पोलिसात जावं, तर जीप वस्तीवर जाणार. मॅडमना मी नाव न घेता विचारलं, त्या म्हणाल्या, कुठूनही गेलात तरी मुलीच्याच घराच्या दारात पोचाल आणि ते दार तिच्यावर बंद होईल. आणि गप्प बसावं, तर ती उद्या सकाळी पुन्हा त्या मोरीवरून येणार. त्या दिवसांत सकाळची एसटी आली की मी कॉलेजच्या फाटकाशी उभा राहायचो. ती उतरताना दिसली की माझा चहा घशाखाली जायचा. ज्या दिवशी दिसत नसे, त्या दिवशी मी वर्गात काय शिकवायचो देव जाणे.

मग एका दुपारी तिने निरोप आणला. वनखात्याचा माणूस मोरीवर येऊन गेला होता. ठसे नाहीत, काही नाही म्हणाला. चुलते म्हणाले, बिबट्या नाही, मग पोरगी कशाला भिते? आज संध्याकाळी वस्तीवर सगळे बसणार होते. आणि आप्पांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, मला बोलावलं होतं.

"तुम्ही म्हणाल तसं करू म्हणाले," वैशाली म्हणाली. तिचा चेहरा अगदी कोरा होता. मुलं रडतात तेव्हा मला बरं वाटतं, काय करायचं ते माहीत असतं. या चेहऱ्याचं काय करायचं ते मला माहीत नव्हतं.

मी आमच्या शिपाई कांबळेमामांना बरोबर घेतलं. सोबत म्हणून, असं त्यांना सांगितलं. खरं म्हणजे मला एकट्याला जायची छाती नव्हती. माझी एम-एटी दुचाकी, मागे मामा. ऊन कलत होतं. फाटा सोडून आत वळलो आणि दोन्ही बाजूंचा ऊस डोक्यावर गेला. वारा नव्हता तरी कुठेतरी पाचट वाजायचं. मामा मागून म्हणाले, "सर, गाडी जरा जोरात घ्या." जोरात घ्यायची तर खड्डे, हळू घ्यायची तर बिबट्या. मी दोन्ही केलं आणि गाडी बंद पडता पडता राहिली.

मोरीवर तो बसला होता.

मोटरसायकल स्टँडवर, एक पाय कठड्यावर. स्वच्छ पांढरा शर्ट. तोच आहे हे मला कुणी सांगायची गरज पडली नाही. आम्ही जवळ येताच तो बाजूला थुंकला, तोंड पुसलं, हसला आणि अदबीने म्हणाला, "नमस्कार सर."

मीही नमस्कार म्हणालो. दुसरं काय म्हणणार? गाडी पुढे गेली. वस्तीवर पोचेपर्यंत मला माझ्या मानेवर त्याची नजर कळत होती, आणि मनात एकच होतं, ही मुलगी रोज इथून पायी येते.

वस्तीवर लिंबाखाली माणसं बसली होती. आप्पा बारीक अंगाचे, कमी बोलणारे. त्यांनी पाणी दिलं, चहा सांगितला. चुलत्यांनी मात्र लगेच विषय काढला. फॉरेस्टवाला न्हाई म्हणतो, शेजारच्या मळ्यातले न्हाई म्हणतात, मंग हिलाच कसा काय दिसतो? आजी दारातून म्हणाली, झालं तेवढं शिक्षण लई झालं. वैशाली आजीच्या मागे चौकटीला धरून उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती.

आप्पांनी घसा साफ केला. "सर, तुमी शिकलेलं माणूस. पोरगी तुमच्याशी बोलती. एकदा खरं सांगा. हाय का बिबट्या?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. आयुष्यभर मी मुलांना सांगत आलोय की खरं बोललं की भीती जाते. पण तिथे खरं बोललो असतो तर तिचं दप्तर त्याच संध्याकाळी माळ्यावर गेलं असतं. नाही म्हटलं तरी तेच, मोघम बोललो तरी तेच.  मग मी माझाच आवाज ऐकला.

"आहे. मी पाहिला. आत्ता येताना. मोरीच्या पलीकडे उसात शिरला."

लिंबाखाली एकदम हालचाल झाली. चुलत्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग कांबळेमामांकडे वळले. "मामा, तुमीबी बघितला?"

मामांना मी काहीच सांगितलेलं नव्हतं. त्यांनी चहाचा एक घोट घेतला. तो घोट फार लांबला.

"मी मागं बसलेलो," मामा म्हणाले. "मला निस्तं शेपूट दिसलं."

त्या शेपटाने काम केलं. पुढारी खोटं बोलेल, मास्तर खोटं बोलेल, पण खोटं बोलणारा माणूस अख्खा बिबट्या सांगतो, नुसतं शेपूट कोण सांगणार? परत येताना फाट्यापर्यंत चौघं जण काठ्या घेऊन आमच्याबरोबर आले. मोरी रिकामी होती. शिरूर जवळ आल्यावर मामा म्हणाले, "सर, मला काय ठाव न्हाई आन् सांगूबी नका. पण पुढच्या बारीला आधी इशारा देत जा. ऐन वेळी मी शेपटावर भागवलं."

वस्तीवर त्याच आठवड्यात पाळी लागली. विहिरीच्या पाण्याची जशी घराघराला पाळी असते, तशी बिबट्याची. ज्या घराची पाळी त्याने सकाळी शाळा-कॉलेजची सगळी पोरं पत्र्याचे डबे वाजवत फाट्यावर पोचवायची, संध्याकाळी आणायची. वैशालीच्या मागोमाग वस्तीवरच्या आणखी मुली मोठ्या शाळेत यायला लागल्या, कारण आता सोबत होती.

माझी मात्र झोप गेली. खोटं बोलणं सोपं असतं, पुढे ते सांभाळावं लागतं. वनखात्याने मोरीजवळ पिंजरा लावून आत शेळी बांधली. पिंजरा रिकामा राहील तसा मी उघडा पडत जाणार होतो. बाजारात लोक थांबवून विचारायचे, केवढा होता? मी हात पसरून दाखवायचो, आणि दर बाजाराला हात थोडे जास्त पसरले जायचे. एका शाळेने 'वन्यप्राणी आणि आपण' या विषयावर मला भाषणाला बोलावलं. सुनंदा म्हणाली, "मांजर आडवं गेलं तर घरात येऊन पाणी मागता, आणि बिबट्या बघून आलात ते मला बाजारात कळतंय." तिला मी खरं सांगितलं. तिने हातातली भाजी निवडून संपवली. मग म्हणाली, "हात एवढे पसरू नका. कुणाला खरं वाटणार नाही."

खरी भीती दुसरीच होती. तो माणूस. त्याला तर माहीत होतं की मोरीवर बिबट्या नाही, तोच आहे. आज ना उद्या तो हसत हसत चारचौघांत बोलून जाईल असं मला वाटायचं. बाहेर मोटरसायकल थांबली की माझ्या अंगावर काटा यायचा.

एके दिवशी वैशाली खोलीत आली. त्या सकाळी तो मोरीवर होता. घोळका डबे वाजवत आला आणि पाळीवाल्याने त्याला हटकलं, एकटा काय थांबतोस, बिबट्या धरील ना. आणि त्याच्या हातात डबा देऊन त्याला घोळक्यात घेतलं. फाट्यापर्यंत तो सगळ्या वस्तीबरोबर डबा बडवत चालला. वैशाली पुढे, तो मागे, मधे वीस-पंचवीस पोरं.

"आणि सर," ती म्हणाली, "तो सारखा उसाकडं बघत होता. त्याला खरंच भ्या वाटत होतं."

ती हसली नाही. मीही नाही. पण त्यानंतर तो मोरीवर दिसला नाही. एवढ्या लोकांनी भीत भीत सांगितल्यावर त्यालाही बिबट्या दिसायला लागला असावा. त्याचं पुढे काही वाकडं झालं नाही, तो गावात मानाने हिंडत राहिला, हे लिहिताना आजही माझं डोकं तापतं. तो दुसऱ्या कुठल्या वाटेवर जाऊन बसला असेल का, हा विचार तर मी पूर्ण करत नाही.

वैशालीची प्रॅक्टिकल्स भरून निघाली, टर्म मिळाली, परीक्षा झाली. निकाल लागल्यावर आप्पा स्वतः कॉलेजात आले. खुर्चीच्या कडेवर बसले. मुलगी फर्स्ट क्लासात आली म्हणून मी अभिनंदन केलं, ते त्यांनी मान हलवून घेतलं. मग दाराकडे बघून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"सर, पोरगी झोपंत दचकायची. 'नगं, नगं' म्हणायची. बिबट्याला कुणी नगं म्हणतं का?"

मी कॅरमवरच्या सोंगट्या पुढे ओढल्या.

"त्या सांजंला तुमाला बोलवलं तवाच मला ठाव हुतं. पण माझ्या तोंडातनं निघालं असतं तर भावकीनं त्याच टायमाला पोरीला घरात बसवली असती. आन् तुमी खरं बोलला असता, तरी तेच. तुमी तोंड उघडलं तवा माझा जीव गळ्याशी आला हुता."

त्या लिंबाखाली मी ज्या माणसाला घाबरत होतो, तो सगळा वेळ मला घाबरत बसला होता.

"कोण हाय ते मला सांगू नका," आप्पा म्हणाले. "ठाव झालं तर मला कायतरी करावं लागंल."

"नाही सांगत."

ते थोडा वेळ टोपी हातात फिरवत बसले. "अजून एक वरीस हाय न्हवं तिचं?"

"हो. टी.वाय. राहिलंय."

"आन् फॉरेस्टवाले पिंजरा उचलून न्यायचं म्हणत्यात. पोरंबी पाळीला टंगळमंगळ करायला लागली. बिबट्या ग्येला म्हणत्यात." आप्पा उठले, टोपी डोक्यावर नीट बसवली आणि पहिल्यांदाच सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. "कॉलेज उघडलं की या एकदा वस्तीवर. आन् औंदा जरा जवळनं दिसू द्या."

जून लागला. कॉलेज उघडलं त्याच आठवड्यात मी वस्तीवर गेलो आणि बिबट्या पाहून आलो.